कामाला जुंपलेला विषाणू

मागच्या महिन्यात ओपीडी संपत आली होती. धारूर तालुक्यातला एक ऊसतोड कामगार दाराशी घुटमळत उभा होता. त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. केमोथेरपी झाली, वर्षभर बरे गेले आणि आता आजार उलटला आहे. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर कुणीतरी सांगत होते, की शास्त्रज्ञांनी विषाणूत बदल करून कर्करोगावर औषध काढले आहे, एका इंजेक्शनात काम होते, कुठलाही कर्करोग असो. "साहेब, हे खरं हाय का? अन् ह्यात म्हणतेत की त्यो एड्सचाच विषाणू असतोय. पोराचा एक रोग घालवायला दुसरा लावायचा का मग?"

दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींचे उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते. त्याला बसवून घेतले. त्याला जे सांगितले ते इथे जरा विस्ताराने लिहितो आहे, कारण तो व्हिडिओ त्याच्या एकट्याच्या मोबाइलवर आलेला नाही.

उपचार खरा आहे, हे आधी सांगतो. शिवाय तो आपल्याच राज्यात तयार झालेला आहे. आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटा मेमोरियल सेंटरचे डॉक्टर यांनी मिळून 'नेक्सकार१९' ही उपचारपद्धती विकसित केली. टाटाच्या खारघर येथील केंद्रात ४ जून २०२१ रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आली. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी तिला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. व्हिडिओतला बाकीचा भाग मात्र, म्हणजे एका इंजेक्शनात आणि कुठलाही कर्करोग, हा खोटा आहे. खऱ्याला खोटे चिकटवले की खऱ्याचाही बळी जातो. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही, त्याकडे पुढे येतो.

आता एड्सच्या विषाणूचे. मी १९९०च्या दशकात शिकाऊ डॉक्टर होतो, तेव्हा वॉर्डात एचआयव्हीचा रुग्ण आला की त्याची खाट कोपऱ्यात जायची आणि जेवणाचे ताट लांबूनच सरकवले जायचे. आमच्याकडे औषध काहीच नव्हते. ट्रकवर जाणारी धडधाकट माणसे सहा महिन्यांत हाडांचा सापळा झालेली आम्ही पाहिली. त्या विषाणूचे नाव घेतले तरी गावात आजही माणसे आवाज खाली घेतात. म्हणून हाच विषाणू कर्करोगाच्या उपचारात वापरतात, हे वाचून कुणाच्या पोटात गोळा आला तर त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही.

पण एचआयव्ही इतका घातक का ठरला, हे पाहिले तर तो उपयोगाला का आला हेही कळते. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. एचआयव्ही नेमका त्यांच्यात शिरतो आणि स्वतःची जनुके त्या पेशीच्या जनुकांच्या मालिकेत कायमची बसवून टाकतो. एकदा बसली की पेशी ती स्वतःचीच समजून वागवते. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवावे, तसा हा प्रकार. शास्त्रज्ञांनी विचार केला, की हे नाव चढवण्याचे कसब तेवढे ठेवायचे आणि बाकीचा विषाणू मोडून टाकायचा.

तसेच केले गेले. विषाणूची वाढ करणारी, रोग घडवणारी जनुके काढून टाकली. त्याचे बाहेरचे आवरणही बदलले आणि त्या जागी गुराढोरांना तोंडाचे फोड आणणाऱ्या एका वेगळ्या विषाणूचे आवरण बसवले. आत जो माल भरला तो आपल्या गरजेचा, म्हणजे टी-पेशीला कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवणारे एक जनुक. या मोडक्या विषाणूला 'लेंटिव्हायरल व्हेक्टर' म्हणतात. तो एकदा पेशीत शिरून माल उतरवतो आणि संपतो. त्याची पिल्ले होत नाहीत. आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत: हा विषाणू रुग्णाच्या अंगात टोचलाच जात नाही. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या टी-पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांची आणि विषाणूची गाठ घालून देतात, बदललेल्या पेशी धुऊन, वाढवून, तपासून घेतात आणि मग त्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत देतात. त्यामुळे मुलाला एड्स होणार नाही, हे मी त्या बापाला ठामपणे सांगितले.

इथे माझ्या जिल्ह्यातल्या डॉक्टर मित्रांसाठी एक सूचना. असा उपचार घेतलेल्या रुग्णाची एचआयव्हीची जनुके शोधणारी तपासणी, म्हणजे पीसीआर प्रकारची, कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण त्याच्या पेशींत त्या व्हेक्टरचे तुकडे असतात. पुढे कुणी रुग्ण असा रिपोर्ट घेऊन आला तर त्याच्या कपाळावर शिक्का मारण्याआधी त्याला पूर्वी कोणता उपचार झाला आहे, हे विचारा. कर्करोगातून वाचलेला माणूस गावाच्या बोलण्याने मरू नये.

बदललेल्या टी-पेशी शरीरात गेल्यावर काय करतात? त्यांच्या अंगावर आता एक नवा पंजा उगवलेला असतो. त्याला 'कार' म्हणतात, म्हणून या उपचाराचे नाव 'कार-टी'. हा पंजा 'सीडी१९' नावाची खूण शोधतो. ती खूण बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर असते आणि त्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगांवरही. खूण दिसली की टी-पेशी ती पेशी मारते, स्वतः वाढते आणि पुढची शोधते. म्हणून हा उपचार बी-पेशींच्या ल्युकेमियाला आणि लसिका ग्रंथींच्या बी-पेशींच्या लिम्फोमाला लागू पडतो, तोही आधीचे उपचार थकल्यावर किंवा आजार उलटल्यावर, आणि 'नेक्सकार१९'ची मान्यता पंधरा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी आहे. रक्ताचे सगळे कर्करोग यात येत नाहीत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांना तर रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे चांगले जगता येते. त्यांनी या वाटेला जाण्याचे सहसा कारणच नसते.

परिणाम किती? मुंबईच्या या उपचाराच्या चाचण्यांचा अहवाल २०२५मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात आला. ६४ रुग्ण होते, सगळे असे की ज्यांच्यापुढे दुसरा चांगला रस्ता उरला नव्हता. त्यातल्या ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला, त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत आजार मागे हटला. हा आकडा ऐकून आमच्या पिढीच्या डॉक्टरला गप्प बसावे लागते. अशा रुग्णांना आम्ही एकेकाळी "घरी न्या, खायला-प्यायला घाला" एवढेच सांगायचो. मात्र मागे हटणे म्हणजे कायमचे जाणे नव्हे. काहींचा आजार काही महिन्यांत पुन्हा डोके वर काढतो. उपचाराचे दुष्परिणामही हलके नसतात. पेशी जोरात लढू लागल्या की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी अतिदक्षता विभागात न्यावे लागते. अमेरिकेत २०१२मध्ये एमिली व्हाइटहेड या छोट्या मुलीला हा उपचार दिला तेव्हा ती याच त्रासाने मरणाच्या दारात गेली होती. संधिवातासाठी वापरले जाणारे एक औषध डॉक्टरांनी तिला दिले आणि ती परत आली. आज ती तरुण आहे आणि कर्करोगमुक्त आहे. चांगल्या बी-पेशीही मारल्या जात असल्याने रुग्णाची प्रतिकारशक्ती बरेच महिने कमी राहते. विषाणूने जनुक नको त्या जागी बसवले तर कालांतराने दुसरा कर्करोग उद्भवण्याची एक दुर्मीळ शक्यता असते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४मध्ये या सगळ्या गटाच्या उपचारांवर तसा इशारा छापायला लावला. धोका आणि फायदा एका तागडीत घातले तर आजार उलटलेल्या रुग्णासाठी फायद्याचे पारडे जड आहे, असे माझे मत. पण सही घेण्याआधी त्याला दोन्ही पारडी दाखवायला हवीत.

विषाणू कर्करोगावर वापरण्याची दुसरी तऱ्हा आहे आणि ती अधिक जुनी आहे. तिच्यात विषाणू निरोप्याचे काम करत नाही, तो स्वतःच गाठ खातो. जॉर्ज डॉक या अमेरिकी डॉक्टरांनी १९०४मध्ये ल्युकेमियाच्या एका रुग्ण स्त्रीची नोंद छापली. तिला फ्लूसारखा ताप आला आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी काही काळ उतरल्या. अशा नोंदी वाचून पुढे डॉक्टरांनी मुद्दाम संसर्ग देऊन पाहिला. १९४९मध्ये हॉजकिन्स लिम्फोमाच्या २२ रुग्णांना काविळीच्या विषाणूने बाधित झालेला रक्तद्रव टोचला. काहींच्या गाठी लहान झाल्या, काही आणखी आजारी पडले, मृत्यूही झाला. आज असा प्रयोग कुणी सुचवला तर आमची नीतिसमिती त्याला दारातून परत पाठवेल, आणि ते योग्यच. न बदललेला विषाणू हा सुटलेला वळू असतो. तो पीक आणि तण यांत फरक करत नाही.

जनुके कापण्या-जोडण्याचे तंत्र आल्यावर हे बदलले. रॉबर्ट मार्टुझा आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये हर्पिसच्या विषाणूतले एक जनुक काढून टाकून त्याने उंदरांमधील मेंदूची गाठ मारता येते, हे दाखवले. ताप येऊन गेल्यावर ओठावर फोड उठतात ना, तोच हा विषाणू. त्याचाच एक बदललेला अवतार अमेरिकेत ऑक्टोबर २०१५मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्य झाला. चांगल्या पेशीत त्याची वाढ होऊ नये म्हणून त्याची जनुके काढलेली आहेत. कर्करोगाच्या पेशींची विषाणूविरोधी यंत्रणा बहुधा आधीच मोडलेली असते, म्हणून तिथे तो फोफावतो आणि पेशी फोडतो. शिवाय त्यात माणसाचे एक जनुक घातले आहे, जे आसपासच्या राखणदार पेशींना बोलावून घेते. ४३६ रुग्णांच्या चाचणीत या विषाणूने टिकाऊ गुण आलेल्यांचे प्रमाण १६ टक्के होते, तुलनेच्या गटात २ टक्के. म्हणजे फरक पक्का होता, पण शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांना तसा टिकाऊ गुण आला नाही. जपानने २०२१मध्ये मेंदूच्या गाठीसाठी अशाच हर्पिस विषाणूला सशर्त मान्यता दिली. चीनमध्ये २००५पासून डोके-मानेच्या कर्करोगासाठी एक बदललेला अॅडिनोव्हायरस केमोथेरपीबरोबर वापरात आहे.

हे शेवटचे वाक्य वाचून आपल्याकडे पुष्कळांचे कान टवकारतील, कारण बीड जिल्ह्यात डोके-मानेचा कर्करोग म्हणजे मुख्यतः तोंडाचा कर्करोग. २०१२पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि माझ्या ओपीडीत तोंड न उघडणारी विशी-पंचविशीतली पोरे बसलेली असतात, यावरून बंदीचे काय झाले ते समजा. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. तोंडाच्या कर्करोगावर कार-टी चालत नाही. गाठ खाणारा कोणताही विषाणू आपल्या देशातल्या नेहमीच्या उपचारांत आज नाही. तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम असेल तर लवकर तुकडा तपासून शस्त्रक्रिया करून घेणे, हाच उपचार आहे, आणि लवकर केला तर तो चांगला आहे. विषाणूच्या इंजेक्शनाची वाट पाहत किंवा तसे इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याच्या दारात जो महिना जाईल, तो परत मिळणार नाही.

खऱ्याला चिकटवलेल्या खोट्याबद्दल वर म्हटले, ते इथे येते. २०१९मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे बरीच होती: पाळीचे खाडे, मुकादमाचा दंड, फडावर आडोसा नसणे. पण ज्या बायका माझ्याशी बोलल्या, त्यांच्या बोलण्यात एक वाक्य फिरून फिरून येई, "नाही काढलं तर कॅन्सर होईल, म्हणले." अंगावर पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावर कर्करोगाची भीती घातली गेली आणि तिशीतल्या बाया ऑपरेशन टेबलावर गेल्या.

गंमत म्हणावी की शोकांतिका, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागेही एक विषाणूच असतो, एचपीव्ही, आणि तो आहे की नाही हे तपासता येते. हे सिद्ध करणारे जगातले एक महत्त्वाचे संशोधन आपल्या शिवेलगत झाले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावसमूहांत १,३१,७४६ महिलांना सामावून घेतले. २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०२३मध्ये आणलेली एचपीव्हीची लसही जनुकतंत्राचीच आहे. विषाणूच्या कवचाचे जनुक यीस्टमध्ये घालून नुसते रिकामे कवच तयार करतात. शेजारच्या जिल्ह्यात हे ज्ञान तयार होत होते आणि आपल्याकडे बायकांना भीती विकली जात होती. तेव्हा भीती विकली, आता आशा विकली जाईल. 'जीन थेरपी', 'सेल थेरपी' अशा पाट्या शहरांत लागायला सुरुवात झाली की तालुक्यालाही एजंट येतील. म्हणून वाचकांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे: कार-टी मोजक्या मोठ्या रुग्णालयांत मिळते, ठरावीक रक्ताच्या कर्करोगांसाठी मिळते, आणि सीडी१९ ही खूण तपासल्याशिवाय देत नाहीत. यातली एकही गोष्ट जुळत नसेल तर पैसे खिशात ठेवून उठावे.

आता पैशांकडे येतो, कारण तो बापही तिथेच येऊन थांबला. अमेरिकेत २०१७मध्ये पहिली कार-टी बाजारात आली तेव्हा तिची छापील किंमत ४,७५,००० डॉलर होती. मुंबईच्या उपचाराचा खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात सांगितला जातो. दहा पटींचा हा फरक फुकट पडलेला नाही. बदललेला विषाणू हा या उपचारातला सर्वांत महाग कच्चा माल असतो. तो परदेशातून आणायचा तर खर्च आवाक्याबाहेर जातो. पुरवार यांच्या चमूने तो इथेच बनवला. एवढे करूनही, ज्याची वर्षाची कमाई मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात जाते, त्याच्यासाठी चार कोटी आणि चाळीस लाख हे दोन्ही आकडे सारखेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३मध्ये झाला, ही चांगली गोष्ट, पण तीस लाखांचा उपचार पाच लाखांत बसत नाही.

माझे काही सहकारी म्हणतात, एका रुग्णावर तीस लाख घालवण्यापेक्षा त्यात किती बायकांची एचपीव्ही तपासणी होईल याचा हिशेब करा. हिशेब मी केला आहे, तो खरा आहे आणि मला तो झोपू देत नाही. पण एकोणीस वर्षांचा मुलगा समोर बसलेला असताना तो हिशेब त्याला वाचून दाखवणे मला जमलेले नाही. आणि मला तो हिशेब पुरताही वाटत नाही. या उपचाराच्या विकासात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून १९ कोटी १५ लाख रुपये गेले; आयआयटी आणि टाटा मेमोरियल या जनतेच्या पैशांवर उभ्या असलेल्या संस्था आहेत. पहिल्या चाचण्यांत धोका पत्करणारे रुग्णही आपलेच. ज्याचे बी, नांगरट आणि पाणी लोकांचे, त्या पिकावर लोकांचा काही हक्क आहे की नाही? राज्य सरकारने वर्षाला ठरावीक रुग्णांचा उपचार एकगठ्ठा विकत घ्यायचा करार करावा, भाव पाडून घ्यावा. स्पेन आणि इटलीत सरकारे कार-टीचे पैसे हप्त्याने देतात; रुग्णाला गुण टिकला तर पुढचा हप्ता, नाही तर नाही. असा करार आपल्याला का जमू नये? उसाचा भाव ठरवायला बसणाऱ्या सरकारला औषधाचा भाव ठरवता येत नाही, हे मला पटत नाही. विषाणू-व्हेक्टर बनवणारा एखादा कारखाना सार्वजनिक क्षेत्रात असावा, हीही मागणी अवास्तव नाही. लसी बनवणाऱ्या हाफकिनचे हे राज्य आहे.

पैशांच्या आधी वेळेचा प्रश्न येतो आणि तिथे दोष आम्हा डॉक्टरांकडे येतो. त्या मुलाला पहिल्यांदा ताप आला, हिरड्यांतून रक्त आले, अंगावर निळे डाग उठले, तेव्हा जवळच्या एका खासगी दवाखान्यात पाच आठवडे टायफॉइड म्हणून सलाइन लावत होते. साध्या रक्त तपासणीत पांढऱ्या पेशी भरमसाट आणि प्लेटलेट घसरलेल्या दिसत होत्या. काचपट्टीवर थेंब पसरून कुणी सूक्ष्मदर्शकातून पाहिले असते तर निदान त्याच दिवशी झाले असते. यंत्राने छापून दिलेला रिपोर्ट फाईलला लागला, वाचला कुणी नाही. हा प्रकार एकट्या त्या दवाखान्याचा नाही, सरकारी दवाखान्यांतही होतो, माझ्या हातूनही एकदा झाला आहे. कार-टीच्या बाबतीत उशीर दुप्पट महाग पडतो. ज्या टी-पेशी बदलायच्या त्या रुग्णाच्याच असतात. केमोथेरपीच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या की त्या थकतात, कमी भरतात. आजार उलटला हे कळल्यावर पुढच्या केमोची तारीख देण्याआधीच कार-टीसाठी विचारणा झाली पाहिजे. पेशींवरच्या खुणा ओळखणारे फ्लो सायटोमीटर यंत्र आणि ते चालवणारा माणूस प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असायला हवा. यंत्र घेतले आणि माणूस नेमला नाही, ही आपली जुनी पद्धत इथे नको.

त्या बापाला हे सगळे या क्रमाने सांगितले नाही. मुलाचा आजार बी-पेशींचा आहे, वय बसते, म्हणजे विचारणा करण्यासारखी आहे, एवढे सांगितले. खर्चासाठी धर्मादाय संस्था, मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक यांच्याकडे अर्ज करावे लागतील, आणि त्यातून सगळी रक्कम उभी राहीलच याची हमी मी देऊ शकत नाही, हेही सांगितले. त्याने दोनच प्रश्न विचारले. मुंबईत राहायचे कुठे? उपचारानंतर महिनाभर रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते, त्यामुळे प्रश्न बरोबर होता. परळच्या फूटपाथवर आपल्या भागातली किती कुटुंबे मी पाहिली आहेत. दुसरा प्रश्न होता, गळीत हंगाम उरकून गेले तर चालेल का? टोळी दिवाळीनंतर निघते, उचल घेऊन झालेली आहे.

मी म्हणालो, चालणार नाही, याच आठवड्यात निघा. मॅरोचा रिपोर्ट, काचपट्ट्या आणि जुन्या केमोचे कागद एका फाईलमध्ये घालून दिले, वर पत्र जोडले. सोमवारी रात्रीच्या एसटीने ते दोघे निघाले. उचलीचे काय करायचे, ते मुकादमाशी अजून बोलणे व्हायचे आहे.